दोन ठोक्यांचा उशीर

बत्तीस वर्षं आमच्या गावाचं टपाल वाटताना लूशस टार्प्लीने एकही पत्र उशिरा पोचवलं नव्हतं. नदीला पूर आला त्या साली तो होडीतून हिंडला, आणि मिस इझोराच्या वीजबिलालासुद्धा त्याने सवलत दिली नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, भर दिवसा, दोन परक्या माणसांनी सांगावं की तुझी वेळ चुकते? बरं, सरळ सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं!

ही दोन माणसं म्हणजे ड्रमवाला झीक स्पाइव्ही आणि बेसवाला ऑर्व्हिल गेंट. एकेचाळीस वर्षं दोघं एकत्र वाजवत होते. एकमेकांशी बोलणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जेवताना झीकने नुसता हात पुढे केला की ऑर्व्हिल त्यात मीठदाणी ठेवायचा. मोठमोठ्या गवयांच्या मागे बसून केस पांढरे केलेली ही जोडी खास मेम्फिसहून तीन दिवसांसाठी आली होती, सोमवार ते बुधवार. आणि चुकणाऱ्याला चुकलास म्हणायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

सोमवारी सकाळी स्टुडिओत लूशसने गिटारवर पहिलं गाणं सुरू केलं. दुसरी ओळ संपली, आणि झीकने हलकेच काठ्या मांडीवर ठेवल्या.

"फारच छान," तो म्हणाला. "कॉफी आहे का?"

कॉफी झाली. पुन्हा गाणं, पुन्हा दुसरी ओळ, पुन्हा काठ्या मांडीवर. "वा! काय आवाज आहे! कॉफी आहे का?" दुपारपर्यंत कॉफीचा डबा रिकामा झाला आणि गाणं दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलं नाही. सहाव्या कपाला लूशसला संशय आला, सातव्याला खात्री पटली.

आता हे सगळं आत्ताच कशाला, असं कुणीही विचारील. मिस इझोराने तर रस्त्याच्या पलीकडून ओरडून विचारलं होतं. कारण लूशसच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली तीन वर्षं हळूहळू तळहाताकडे वळत चालली होती. शुक्रवारी ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले, "बोटं सरळ होतील. पाकीट फोडता येईल, शर्टाचं बटण लावता येईल. गिटारचं मात्र मी काही सांगू शकत नाही." टपाल वाटता वाटता लूशसने नऊ गाणी रचली होती. ती कागदावर नव्हती, त्या हातात होती. शुक्रवारच्या आत ती हातातून काढून टेपवर ठेवायची, एवढंच त्याला हवं होतं.

स्टुडिओ होता डेल्मारचा. डेल्मार हा एक लांबोडका, मितभाषी माणूस. त्याच्या वडिलांचं गालिच्यांचं दुकान बुडालं, तेव्हा उरलेले गालिचे त्याने जमिनीवर, भिंतींवर आणि छताला ठोकले आणि दारावर 'ध्वनिमुद्रण' अशी पाटी लावली. आत शिरलं की स्वतःचा खोकलासुद्धा दुसऱ्या गावी कुणीतरी खोकल्यासारखा ऐकू यायचा. बाहेर ऑगस्टचं ऊन रस्त्यावर थरथरत असायचं आणि आत हिरव्या-तपकिरी गालिच्यांत वेळ कुठेतरी हरवून जायचा. दोन तास झाले की वीस मिनिटं, हे कुणालाच कळायचं नाही.

सातव्या कपानंतर लूशस गिटार बाजूला ठेवून म्हणाला, "झीकभाऊ, स्पष्ट बोला. माझं चुकतंय का?"

झीक आणि ऑर्व्हिलने एकमेकांकडे पाहिलं. बोलायचं काम बहुधा झीकवर आलं.

"ब्रदर टार्प्ली, फेरी असते बारा घरांची. एका घरात चार ठोके. तुमची फेरी साडेबारा घरांची आहे. दुसऱ्या ओळीनंतर तुम्ही दोन ठोके जास्त थांबता."

"मी? थांबतो?" लूशसच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीला घाम फुटला.

"थांबा की! आम्ही अकरा घरांची गाणी वाजवलीत, सव्वातेराचीही वाजवलीत. कुणाला मोजायचंय? पण दर वेळी तेवढंच थांबायला हवं. तुम्ही त्या जागी कशाची तरी वाट बघता. ते येत नाही. मग तुम्ही घाबरता आणि कधी दोनावर सुटता, कधी तिनावर, कधी थांबतच नाही."

लूशसने खाली पाहिलं. त्याचा उजवा बूट गालिच्यात निम्मा रुतला होता. आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुकीचा प्रकाशही लख्खच पडतो, हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

"पाय!" तो ओरडला. "माझा पायच ऐकू येत नाही! घरी व्हरांड्यात फळी वाजते!"

ही बातमी संध्याकाळच्या जेवणाआधी सगळ्या गल्लीत पोचली, आणि गल्ली कामाला लागली. मिस इझोरा म्हणाली की बुटाला घोड्याचा नाल ठोकावा. न्हाव्याच्या दुकानात पडून असलेलं दार पायाखाली घ्यावं, असं एकाने सुचवलं. शेजारचा ब्रदर लेडेल, ज्याने आयुष्यात एकच कोंबड्यांचं खुराडं बांधलं आणि तेव्हापासून स्वतःला सुतार म्हणवून घेतलं, तो पहार खांद्यावर टाकूनच लूशसच्या व्हरांड्यात आला.

"दुसरी फळी चालायची नाही," तो फळीवर कान ठेवून म्हणाला. "एकतीस वर्षं तुझा पाय हिने खाल्लाय. हीच न्यायला हवी. पाच मिनिटांचं काम!"

व्हर्लीन टार्प्ली शेजारीच आपल्या झुलत्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. ही खुर्ची तिच्या आईची. रोज दुपारी नवरा गिटार घेऊन बसला की ती शेंगांचं पातेलं घेऊन बसायची, पण गाणी ऐकायची नाही. हे तिने लग्नातच स्पष्ट केलं होतं. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवण्याचं काम ती तेवीस वर्षं करत होती, आणि चर्चबाहेरच्या, सैतानाच्या गाण्यांशी आपला काही संबंध नाही, हे ती विचारल्याशिवायही सांगायची. "माझं लक्ष दाण्यांत असतं," ती म्हणायची.

"लूशस," ती आता म्हणाली, "माझ्या व्हरांड्याला हात लावलास तर बघ."

"अगं, तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"आधी परवानगी आण. आपली गल्ली वारसा यादीत आहे, ठाऊक आहे ना?"

हे मात्र खरं होतं. पर्यटक येतील या आशेने नगरपालिकेने दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीला ऐतिहासिक ठरवलं होतं. पर्यटक काही आले नाहीत, अर्ज मात्र आले. मंगळवारी सकाळी आठ वाजता लूशस कार्यालयाच्या दारात उभा होता. खिडकीत मिस प्रूइट होती, नाकावर चष्मा आणि मनगटाला रबरी शिक्क्याची शाई.

"फळी काढण्याचं कारण?" तिने विचारलं. "इथे चार रकाने आहेत. कूज, वाळवी, आग, वादळ."

"संगीत."

"संगीताला रकाना नाही."

"मग 'इतर' असेल."

"'इतर' गेल्या वर्षी काढून टाकला. लोक त्यात काहीही लिहायचे." तिने दुसरा कागद काढला. "बांधकामाचा भाग काढणं म्हणजे अंशतः पाडकाम. दारावर जाहीर सूचना लावायची, हरकतींसाठी दहा दिवस थांबायचं."

"मिस प्रूइट, माझ्याकडे दोन दिवस आहेत." लूशसने डावा हात खिडकीतून आत घातला. "हा बघा. शुक्रवारी हा कापायचाय."

मिस प्रूइटने हात पाहिला. तिच्या आईची औषधं याच हाताने पंधरा वर्षं आणून दिली होती. तिने चष्मा काढून पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फळीला खिळे किती?"

"तीन. त्यातले दोन आपोआप निघालेत."

"एकाच खिळ्यावर असलेली वस्तू फर्निचर धरता येते. फर्निचर हलवायला परवानगी लागत नाही. पण सूचना मात्र लावावी लागेल, कारण ती मी टाइप केलीय."

अशा रीतीने ब्रदर लेडेलने पाच मिनिटांचं काम पावणेदोन तासांत पुरं केलं. व्हरांड्याला हातभर रुंद भोक पडलं, वर खांबावर जाहीर सूचना फडफडू लागली. लागलीच मिस इझोरा पीच भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन सांत्वनाला आली आणि गुडघ्यापर्यंत त्या भोकात गेली. पाय वाचला, म्हणजे पीचचा. तिच्या पायावर ब्रदर लेडेलने ओला टॉवेल ठेवला.

खरी पंचाईत वेगळीच झाली. भोक पडलं ते नेमकं झुलत्या खुर्चीच्या पुढ्यात. खुर्ची एकदा पुढे झुलली असती तर व्हर्लीन थेट जमिनीखाली गेली असती. तिने खुर्ची उचलली आणि मागच्या दाराबाहेर, कोंबड्यांकडे तोंड करून ठेवली.

"मिस्टर टार्प्ली," ती म्हणाली, "तुमचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय."

चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला 'मिस्टर टार्प्ली' फक्त चार वेळा म्हणाली होती. लूशसने फळी काखेत मारली आणि निमूटपणे बाहेर पडला.

दुपारी स्टुडिओत फळी मांडली. खाली दोन विटा, समोर डेल्मारने खास तिच्यासाठी लावलेला माइक. लूशसने बूट आपटला. ठक्! अगदी घरचा आवाज. डेल्मारने अंगठा वर केला, टेप फिरू लागली. लूशसने डोळे मिटले आणि गायला लागला:

"पत्र आणलं तुझ्या दारी, दारावर नाव नाही गं,
पत्र आणलं तुझ्या दारी, दारावर नाव नाही..."

आणि तो थांबला. फळी वाजत होती, बेस खालून संथ वाहत होता, सगळं काही होतं. तरी त्या जागी मोठी पोकळी होती. तिच्यात तो एक ठोका पडला, दोन पडला, चाचपडला, आणि धडपडून चौथ्यावर बाहेर आला.

झीकने काठ्या मांडीवर ठेवल्या. कॉफीबद्दल त्याने विचारलंही नाही. आपल्याकडे गाणी होती की नुसता आपला समज होता, असा प्रश्न लूशसला पहिल्यांदाच पडला. बत्तीस वर्षं आपण उगाच गुणगुणत चाललो, आणि शुक्रवारी हातही जाईल.

"उद्या दुपारी आम्हाला घरी जेवायला बोलवा," ऑर्व्हिल गेंट म्हणाला. दोन दिवसांतलं त्याचं हे पहिलंच वाक्य. झीकनेही चमकून त्याच्याकडे पाहिलं.

रागावलेली असली तरी पाहुण्यांना उपाशी ठेवील ती व्हर्लीन कसली! बुधवारी टेबलावर तळलेला मासा होता, लोण्यातल्या शेंगा होत्या, मक्याची भाकरी होती, गोड थंड चहाचा मोठा जग होता. तिने सगळं वाढलं, 'मिस्टर टार्प्लीं'ना वगळून सगळ्यांची चौकशी केली, आणि पातेलं घेऊन मागच्या दाराबाहेर गेली. जेवणं झाली. पंखा फिरत होता. माशाच्या वासात आणि दुपारच्या सुस्तीत सगळेच अर्धे झोपले होते. लूशसने सवयीने भिंतीवरची गिटार काढली आणि कुणासाठीच नाही अशी छेडू लागला. पायाखाली साधी फरशी होती, बूट काढलेले होते, मोज्यांचा कसला आवाज येणार?

पत्र आणलं तुझ्या दारी. पुन्हा तेच. तो थांबला.

कर्रर्र... दाराबाहेर खुर्ची मागे गेली. कुर्र. पुढे आली. लूशस तिसऱ्या ओळीत अलगद उतरला.

झीकने चमचा उचलून बशीच्या कडेवर हलकेच ठेका धरला. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. दर फेरीला साडेबारा घरं, केसभरही इकडेतिकडे नाही. झीक गिटारकडे बघतच नव्हता. त्याची नजर मागच्या जाळीच्या दारावर होती, आणि त्याच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

"ऑर्व्हिल," तो पुटपुटला, "हा गडी एकटा नाहीच वाजवत. याच्याकडे ड्रमवाला आधीपासूनच आहे."

आता तिला सांगायचं कुणी? लूशस म्हणाला, माझ्याच्याने होणार नाही, मी चालू आठवड्यात मिस्टर आहे. माशाच्या वासाने जेवायला आलेल्या ब्रदर लेडेलने वेगळी मसलत काढली. "खुर्चीच न्यायची! आवाज खुर्चीचा आहे, बसणाऱ्याशी काय कर्तव्य?" व्हर्लीन ताटं धुवायला आत वळली आणि चार मोठी, देवभीरू माणसं मागच्या अंगणातून खुर्ची चोरून गाडीत घालून पळाली.

स्टुडिओत आधी ब्रदर लेडेल बसला. तो इतका जोरात झुलला की मागच्या मागे उलटून गालिच्यात रुतला. डेल्मारला बसवलं, तर त्याच्या लांब टांगा जमिनीला टेकल्या आणि खुर्ची हलेचना. मिस इझोरा काय चाललंय ते बघायला लंगडत आली होती, तिला बसवलं. ती बोलण्याच्या वेगाने झुलली. एका फेरीत खुर्ची चोवीसदा वाजली आणि झीकने हात जोडले. तीन वाजले. सहाला झीक आणि ऑर्व्हिलला मेम्फिसकडे निघायचं होतं. लूशसने गिटार पेटीत ठेवली आणि पेटीची कडी लावली.

तेवढ्यात दार उघडलं. व्हर्लीन उभी होती. डोक्यावर रविवारची टोपी, हातात शेंगांचं पातेलं. ओळखीच्या कुणी या दारात शिरताना पाहिलं, तर ही चर्चला चाललीय असं वाटावं म्हणून टोपी असावी. पातेल्याचं कारण तिलाही सांगता आलं नसतं.

"माझी खुर्ची," ती म्हणाली.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. झीकने मात्र टोपी काढली आणि पुढे झाला.

"सिस्टर टार्प्ली, चूक आमची आहे. तेवढं मोडलीबिडली नाही ना, बसून बघता का?"

व्हर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. ती काही दुधखुळी नव्हती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेटीवर हात ठेवून बसला होता, आणि ती दोन वाकडी बोटं पेटीच्या कडीत अडकल्यासारखी दिसत होती. ती चालत गेली, खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"मी दाणे सोलतेय," तिने भिंतीवरच्या गालिच्याला सांगितलं. "ऐकत नाहीये. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं."

"टेप फिरतेय," डेल्मार कुजबुजला.

त्या दुपारचं काय सांगावं! नऊ गाणी झाली, एकेकदाच. थांबायची जागा आली की लूशस वाट बघायचा, आणि ती यायची. कर्रर्र. बेस तिच्याखाली वाहायचा, झीकची काठी पितळी थाळीला जेमतेम शिवायची, आणि मधूनमधून दाणे पातेल्यात टपटप पडायचे. लूशसला वाटलं, आपण जुनी पिशवी खांद्याला लावून त्याच रस्त्याने चाललोय, सगळी दारं उघडी आहेत आणि कुठेच पोचायची घाई नाही. गालिच्यांतून ऊन झिरपतंय असंही त्याला वाटलं, जे शक्यच नव्हतं. शेवटचा सूर विरला. व्हर्लीन उठली, टोपी नीट केली आणि म्हणाली, "सहा वाजत आले. यांना लांब जायचंय. लूशस, खुर्ची गाडीत घाल."

मिस्टर गेला होता. लूशसला ती हाक सगळ्या नऊ गाण्यांपेक्षा गोड लागली.

डेल्मारने दबकत विचारलं, "तो करकर आवाज नंतर काढून टाकू का?"

"तो काढलास," ऑर्व्हिल गेंट म्हणाला, "तर आम्हालाही काढ." आणि हे त्याचं दुसरं आणि शेवटचं वाक्य.

गुरुवारी संध्याकाळी लूशसने फळी पुन्हा जागेवर ठोकली, तीनही खिळ्यांनी. दोघं बसले. लूशसने बुटाने फळी वाजवून पाहिली. मग म्हणाला, "त्या जागी तू दर वेळी मागे का झुलतेस गं?"

"तू श्वास घेतोस म्हणून. म्हटलं, घेऊ दे बिचाऱ्याला."

"मी श्वास घेत नाही! मी तुझ्या खुर्चीसाठी थांबतो!"

एकतीस वर्षं दोघं एकमेकांसाठी थांबत आले होते. तो उशीर कुणाच्या नावावर टाकायचा, हे शेवटी ठरलंच नाही.

ऑपरेशन झालं. बोटं सरळ झाली, ताठ झाली, आणि गिटार भिंतीवरच राहिली. पाकीट मात्र फोडता येऊ लागलं. पहिलंच फोडलं ते ऑक्टोबरात मेम्फिसहून आलेलं चौकोनी जाड पाकीट. नव्या पोस्टमनने ते आधी मिस इझोराकडे टाकलं होतं, त्यावर लूशस अर्धा तास बोलला. आत रेकॉर्ड होती. कव्हरवर तिघांची नावं होती, आणि खाली, चर्चमधल्या लोकांनी वाचू नये म्हणून अगदी बारीक अक्षरांत, 'आणि घरातलं एक माणूस'.

त्याने खिडकीत प्लेअर ठेवून रेकॉर्ड लावली आणि व्हरांड्यात येऊन बसला. व्हर्लीनच्या मांडीवर पातेलं होतं, खुर्ची नेहमीसारखी झुलत होती. पत्र आणलं तुझ्या दारी. दुसरी ओळ संपली, आणि आतून आवाज आला, कर्रर्र.

बाहेरची खुर्ची थांबली. लूशसने दचकून पाहिलं. एकतीस वर्षांत गाणं चालू असताना ती कधी थांबली नव्हती. तिचे हात शेंगांत तसेच राहिले होते.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"गप्प बस, लूशस," व्हर्लीन म्हणाली. "ऐकू दे."